डरकाळीची परवानगी

खांबावरचा तो डबा पहिल्यांदा पाहिला तेव्हा डरकाळीरावांनी रिसॉर्टच्या मॅनेजरसमोर चेहरा पाडला आणि मनातल्या मनात डब्यापुढे लोटांगण घातलं.

"हा काय प्रकार आहे?" त्यांनी दुखावलेल्या आवाजात विचारलं.

"आवाजाचा डबा," मॅनेजर म्हणाला. "तळ्यापलीकडच्या बंगल्यांत सगळी निवृत्त मंडळी राहतात. त्यांनी तक्रार केली, नगरपालिकेने हा बसवला. तीन दिवे आहेत बघा. हिरवा असेपर्यंत खुशाल गा. पिवळा लागला की सांभाळून गा. लाल लागून राहिला की मंचाची वीज आपोआप जाते. ती परत आणायची किल्ली माझ्याकडे आहे, पण किल्ली फिरवली की तिकडे ऑफिसात कळतं."

"म्हणजे मला डरकाळी मारता येणार नाही?"

"तेवढं सोडून काहीही गा, साहेब."

डरकाळीरावांनी खांबाला हात टेकला आणि असा काही उसासा टाकला की मॅनेजर पळत जाऊन खुर्ची घेऊन आला. सुंठीवाचून खोकला जातो म्हणतात तो असा.

डरकाळीराव हे त्यांचं खरं नाव नव्हे हे सांगायला नकोच. एके काळी 'भूकंप' नावाचा रॉक बँड तीन जिल्ह्यांत गाजत होता आणि त्याचे गायक हे होते. तीन जिल्ह्यांच्या पलीकडे त्यांना कुत्रंही ओळखत नव्हतं, पण त्या तीन जिल्ह्यांत मात्र एकही कॉलेज असं नव्हतं जिथे 'फोड कुलूप' हे त्यांचं गाणं वाजलं नाही. त्या गाण्याच्या शेवटी सगळी वाद्यं एकदम थांबायची, सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता व्हायची, आणि मग हे डोळे मिटून, मान मागे टाकून जी डरकाळी मारायचे ती ऐकून पुढच्या रांगेतले लोक नकळत खुर्चीचे हात धरायचे. एका प्राचार्यांच्या चष्म्याची काच त्या डरकाळीने तडकली होती म्हणे. डरकाळीरावांना चष्म्याच्या धंद्याची कल्पना तिथेच सुचली, असं त्यांचे ड्रमवाले सांगतात.

कारण आता ते चष्म्याचं दुकान चालवतात. दिवसभर लोकांना "वरून तिसरी ओळ वाचा" म्हणतात आणि लोकांनी चुकीची वाचली की "छान" म्हणून नंबर वाढवतात. ड्रमवाले दातांचे डॉक्टर झाले. बाकीचा भूकंप ज्याच्या त्याच्या नोकरीच्या गावी शांत झाला. पण इमारतीत, बाजारात, बँकेत अजून कुणीतरी हाक मारतं, "काय डरकाळीराव!" आणि त्या हाकेसरशी पोट आत जातं, खांदे वर येतात. त्या नावावर ते जगत होते म्हटलं तरी चालेल. ते नाव गेलं की मागे उरणार होता तो एक चष्मेवाला, आणि चष्मेवाले गावात आणखी चार होते.

आणि नेमकी तिथेच गोम होती. सुट्टीच्या हंगामात दर शनिवार-रविवार संध्याकाळी गाण्याचं काम रिसॉर्टने त्यांना दिलं, करारावर सही झाली, तेव्हा घरी येऊन त्यांनी एकदा डरकाळी मारून पाहायचं ठरवलं. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून कपाट उघडलं, गोधड्यांच्या घडीत तोंड खुपसलं, डोळे मिटले आणि मारली. आतून जो आवाज आला तो फरशीवरून खुर्ची सरकवल्यासारखा होता. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, दार करकरतंय कुणाचं तरी. बघा."

त्यांनी पुन्हा मारली. पुन्हा खुर्चीच. या वेळी जरा जड खुर्ची, एवढाच फरक. डरकाळी गेली होती. कधी गेली, कुठे गेली, काही सांगून गेली नव्हती. गोधड्यांच्या घडीत तोंड ठेवून हा माणूस तसाच उभा राहिला, आणि त्या उभं राहण्याची चेष्टा करायची माझी तरी हिंमत नाही.

तर अशा परिस्थितीत तो डबा भेटला. माणसाला संकटात देव आठवतो, पण देव तीन दिवे लावून खांबावर बसलेला असेल असं कुणाला वाटणार?

पहिल्याच शनिवारी डब्याचं मोल डरकाळीरावांच्या ध्यानात आलं. पोहून दमलेली कुटुंबं टॉवेल गुंडाळून खुर्च्यांवर बसली होती. डॉक्टर ड्रमवर हळुवार हात चालवत होते, बाकीचं संगीत त्यांच्या लॅपटॉपमधून येत होतं. 'फोड कुलूप'चा शेवट आला. वाद्यं थांबली. डरकाळीरावांनी डोळे मिटले, मान मागे टाकली, छाती भरून श्वास घेतला, आणि मग एकदम डोळे उघडून त्या डब्याकडे बोट दाखवलं. हात खाली सोडला. मान हलवली. माइकपासून दोन पावलं मागे सरले.

"अरेरे!" प्रेक्षकांतून आवाज आला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी टॉवेलने डोळे टिपले. एक गृहस्थ उठून म्हणाले, "कलाकाराची काही कदरच नाही राहिली." जी डरकाळी ऐकून पूर्वी लोक टाळ्या वाजवायचे, त्या डरकाळीच्या न येण्याला दुप्पट टाळ्या पडल्या.

मग काय विचारता! उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसऱ्या आठवड्यात डरकाळीराव डब्यासमोर हात जोडू लागले. तिसऱ्या आठवड्यात तोंडावर स्वतःचाच पंजा ठेवून गुदमरल्याचा अभिनय सुरू झाला. नंतर नंतर तर डरकाळीआधी ते छोटंसं भाषणच करत. "आज माझ्या घशात एक वाघ कोंडलेला आहे," ते सांगत, आणि मुलं खरंच वाकून त्यांच्या तोंडात बघत. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि इथे तर मूठ झाकायला नगरपालिकेने स्वतःच्या खर्चाने यंत्र बसवून दिलं होतं.

इथवर थांबले असते तर कथा सुखान्त होती. पण कौतुकाची चटक वाईट. रिसॉर्टमधलं दुःख ते घरी आणू लागले. संध्याकाळी इमारतीच्या फाटकाशी उभं राहून शेजाऱ्यांना डब्याची गोष्ट सांगायची, आणि शेजारी हळहळले की "जाऊ द्या, चालायचंच" म्हणून जिना चढायचा, हा क्रम पडला.

शेजाऱ्याला अडचण सांगितली की तो सल्ला दिल्याशिवाय राहत नाही. एकाने सुचवलं, डब्यावर उशीचा अभ्रा चढवा. दुसऱ्याने सुचवलं, डब्याकडे पाठ करून मारा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, एकदम मारू नका, हप्त्याहप्त्याने मारा. या सगळ्यांना डरकाळीराव उदास हसून मान हलवत होते आणि सगळं सुरळीत चाललं होतं. मग एके दिवशी अर्जकाका जिन्यावर थांबले.

अर्जकाका आयुष्यभर सरकारी कचेरीत होते. निवृत्त होऊन इमारतीत आल्यापासून त्यांनी अर्ज करून रस्त्यावरचा दिवा हलवला होता, बसचा थांबा हलवला होता आणि एकदा तर चुकून पोस्टाची पेटीही हलवली होती. ती अजून सापडलेली नाही. त्यांनी डरकाळीरावांचं सगळं दुःख ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि एकच प्रश्न विचारला.

"अर्ज केलाय का?"

डरकाळीराव एक पायरी मागे सरले. "काका, कशाला उगाच तुम्हाला त्रास..."

"त्रास कसला? चार महिने हात रिकामे आहेत माझे. गुडघे धरलेत नुसते बसून. एका संध्याकाळची विशेष सवलत मागू. नियमात तरतूद आहे."

"पण देणार नाहीत हो ते."

"म्हणूनच तर अर्ज करायचा!" काका म्हणाले, आणि गुडघे धरलेला तो माणूस दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

संध्याकाळपर्यंत सह्यांची मोहीम सुरू झाली. कागद डरकाळीरावांच्या दारात आला तेव्हा त्यावर सगळ्यात वर एक ओळखीची सही होती. बायकोची.

डरकाळीरावांची बायको सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होती. आयुष्य 'शांतता राखा'च्या पाटीखाली गेल्यामुळे तिचा आवाज कुजबुजीच्या वर कधी चढलाच नाही. ती घरात "अहो" म्हणून हाक मारायची तीसुद्धा पुस्तकाचं पान उलटावं तशी. पहिली हाक डरकाळीरावांना ऐकू यायची नाही, दुसरी ऐकू यायची पण ते दाखवायचे नाहीत, तिसरीला "आलो" म्हणायचे आणि यायचे नाहीत. इतक्या वर्षांत या व्यवस्थेत बदल झालेला नव्हता.

"तू सही केलीस?" त्यांनी विचारलं.

"केली की," ती हळूच म्हणाली. "रोज जेवताना त्या डब्याला शिव्या देता. एकदाचं मन मोकळं होऊ दे तुमचं."

त्यांनी आनंदाने गहिवरून आल्यासारखा चेहरा केला. त्या चेहऱ्याकडे ती जरा जास्तच वेळ बघत राहिली, असं त्यांना वाटलं.

आता सगळी भिस्त सरकारी कारभारावर होती. आपल्या कचेऱ्यांवर डरकाळीरावांचा गाढ विश्वास होता. तिथे कुणाचं काम होत नाही, मग आपलंच कसं होईल? आणि सुरुवातीला कचेरीनेही त्यांना निराश केलं नाही. अर्ज पहिल्यांदा परत आला कारण डरकाळी कोणत्या विभागात मोडते ते ठरेना. गाणं असेल तर संगीत, भाषण असेल तर सभा, आणि नुसताच आवाज असेल तर कारखाने. मधल्या एका टेबलाने तो पशुवैद्यकीय खात्याकडेही पाठवून पाहिला. काका दर वेळी लालबुंद होऊन यायचे आणि डरकाळीराव त्यांना स्वतःच्या हाताने चहा करून पाजायचे. "काका, सोडून द्या. कलाकाराच्या नशिबात हेच असतं," असं म्हणत ते काकांच्या कपात आणखी एक चमचा साखर घालायचे.

एक प्रसंग मात्र जिवावरचा होता. ध्वनी विभागाच्या साहेबांनी अर्जदाराला समक्ष बोलावलं. अर्जकाका सोबत होतेच. साहेब म्हणजे कोरड्या चेहऱ्याचे, बाह्या नीट दुमडलेले गृहस्थ. त्यांनी टेबलावर एक छोटं यंत्र ठेवलं आणि म्हणाले, "मारा."

"काय?"

"डरकाळी. मोजल्याशिवाय परवानगी कशी देणार? नमुना लागतो."

डरकाळीरावांची पाचावर धारण बसली. काका कौतुकाने बाजूला सरले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पाण्याचा ग्लास हाताने झाकून धरला. आणि तेवढ्यात डरकाळीरावांना साहेबांच्या डोक्यावरची पाटी दिसली. "साहेब," ते बाणेदारपणे म्हणाले, "इथे 'शांतता राखा' लिहिलंय. नियम मोडून मी नियमातली सवलत मागणार नाही."

साहेबांनी मान वर करून पाटी वाचली. बराच वेळ वाचली. मग यंत्र खणात ठेवलं. "असा अर्जदार मी नोकरीत पहिल्यांदा पाहतोय," ते म्हणाले, आणि त्यांचा कोरडा चेहरा चक्क हलला. "तळ्याकाठच्या बंगलेवाल्यांचं ना-हरकत पत्र आणा. सही करतो."

म्हणजे वाचायला गेले आणि बुडाले. पण बंगलेवाले थोडेच ऐकणार होते? तक्रार त्यांचीच. डरकाळीराव निर्धास्त झोपले. दुसऱ्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाला चौथी ओळ वाचायला सांगत असताना काका दारात उभे. हातात कागद, डोळ्यांत पाणी.

"दिलं! सगळ्यांनी दिलं! अट एकच, त्यांनाही पुढच्या खुर्च्या हव्यात. अहो, त्यातले दोघे तुमच्या 'भूकंप'च्या कार्यक्रमाला कॉलेजात असताना भिंतीवरून उडी मारून आले होते! येत्या रविवारी, हंगामाचा शेवटचा कार्यक्रम, सूर्य मावळेपर्यंत परवानगी. डबा बंद!"

"ई... एफ... पी..." गिऱ्हाईक वाचत राहिलं. डरकाळीरावांना काहीच दिसत नव्हतं.

घरी ही बातमी त्यांच्या आधी पोचली होती. बायकोने पाण्याचा पेला पुढे केला आणि कुजबुजली, "नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना? काकांनी अंगण अगदी सरळ करून आणलंय."

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"काही नाही. इस्त्रीचा शर्ट कुठला काढू?"

पुढचे दिवस असे गेले की शत्रूवरही येऊ नयेत. इमारतीने दोन बस ठरवल्या. आजींनी कानात घालायला कापूस आणला आणि सगळ्यांना वाटला. डरकाळीरावांनी वाफ घेतली, मौन पाळलं, मौनात दुकान चालवलं आणि एका बाईंना त्यांच्या सासूबाईंचा चष्मा दिला. त्या बाईंना सगळं स्वच्छ दिसायला लागलं, हा भाग वेगळा. शेवटी ते डॉक्टरांकडे गेले, खुर्चीत आडवे झाले आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं सगळं सांगून टाकलं. तोंड उघडंच होतं, त्यामुळे सोपं गेलं.

डॉक्टरांनी दिवा आत फिरवला. "दात उत्तम आहेत."

"घसा बघ रे!"

"माझी हद्द पडजिभेच्या अलीकडे संपते," डॉक्टर म्हणाले. मग हातमोजे काढून मित्राच्या खांद्यावर हात ठेवला. "सांगून टाक ना सगळ्यांना."

"आणि मग मी कोण उरतो?"

डॉक्टरांनी खुर्ची सरळ केली. मग दोघांनी मिळून बेत रचला, आणि तो खरोखर झकास होता. डबा बंद करायला रविवारी वायरमन येणार होता. त्याला बाजूला घेऊन सांगायचं, बंद केल्यासारखा कर पण बंद करू नकोस. मग डरकाळीच्या जरा आधी डॉक्टरांनी ड्रम बेफाम बडवायचा. लाल दिवा लागेल, वीज जाईल, आणि डरकाळीराव ऐन डरकाळीच्या तोंडावर पुन्हा एकदा बळी जातील. लोक नगरपालिकेच्या नावाने बोटं मोडतील. नाव शाबूत राहील.

वायरमन ऐकून शिडीवरून खाली उतरला. "साहेब, डबा बंद ठेव म्हणणारे शंभर भेटले. चालू ठेव म्हणणारे तुम्ही पहिलेच."

"सुरक्षिततेसाठी," डरकाळीराव म्हणाले. सुरक्षितता म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.

रविवारी संध्याकाळी पोहण्याच्या तलावाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. दोन बस भरून इमारत आली होती, बंगलेवाले पुढच्या खुर्च्या अडवून बसले होते, ध्वनी विभागाचे साहेब बाह्या दुमडून यंत्रासह हजर होते, आणि सुट्टीवर आलेली कुटुंबं पाण्यात उभी राहून ऐकत होती. अर्जकाका इस्त्रीच्या कपड्यांत यजमानासारखे फिरत होते. बायको मधल्या रांगेत कडेला बसली होती. काय सांगू तुम्हाला, त्या संध्याकाळी डरकाळीराव गायले ते मनापासून गायले! हंगामभर हिरव्या दिव्यात गाऊन त्यांचा खालचा आवाज असा काही मुरला होता की पाण्यातली पोरंसुद्धा हालचाल थांबवून ऐकू लागली. पण हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष खांबावर होतं.

'फोड कुलूप'चा शेवट जवळ आला. त्यांनी डॉक्टरांना खूण केली. डॉक्टरांनी ओठ आवळले आणि बडवायला सुरुवात केली.

हिरवा.

"जोरात!" डरकाळीराव दातांतल्या दातांत म्हणाले.

पण आठवड्याचे पाच दिवस लोकांच्या हिरड्या आणि दोन दिवस हे हळुवार ड्रम, यात डॉक्टरांच्या हातातला जोर पार निघून गेला होता. त्यांनी जीव खाऊन हात उचलला. पिवळा दिवा लुकलुकला. आणखी जीव खाल्ला. पिवळा ठाम झाला. डॉक्टर अर्धवट उभे राहिले, दोन्ही हात डोक्यावर नेले, आणि त्या झटक्यात एक काठी सुटली, लोकांच्या डोक्यांवरून गेली आणि तलावात पडली. बुडुक. डॉक्टर थांबले. लॅपटॉप ठरल्याप्रमाणे थांबला. दिवा निमूटपणे हिरवा झाला.

टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. तीच जुनी शांतता, तीन जिल्ह्यांतली. आजींनी कापूस दाबून घेतला. काकांनी डोळे मिटले.

पळून जायला एकच वाट होती आणि ती पाण्यातून होती. डरकाळीरावांनी मान मागे टाकली, श्वास भरला, आणि मारली.

खुर्ची सरकली. माइकमुळे ती तळ्यापलीकडेपर्यंत सरकली.

कुणी हसलं नाही, हे सगळ्यात वाईट. लोक वाट पाहत राहिले, कारण त्यांना वाटलं हा घसा साफ केला. डरकाळीरावांनी त्या सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिलं. खोकून वेळ मारून नेता आली असती. बायकोकडे नजर गेली. ती शांतपणे त्यांच्याकडे बघत होती, आणि त्यांना एकदम उमगलं की हिला ते दार कुणाचं करकरत होतं हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

"येत नाही," ते माइकमध्ये म्हणाले. "डरकाळी येत नाही आता मला. डब्याचा काही दोष नाही. डबा होता म्हणून मी तरलो. तुम्ही मला डरकाळीराव म्हणता, आणि मला ते फार आवडतं हो. ते जाऊ नये म्हणून सगळं नाटक केलं. मला माफ करा."

मॅनेजर बुटांकडे बघत होता. मग खुर्ची मागे ढकलल्याचा आवाज झाला. अर्जकाका उठले होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"म्हणजे मी खेटे घातले ते कशाला?"

"काका, चुकलं माझं."

"पशुवैद्यकीय खात्यात जाऊन आलो मी!" काका मंचाकडे चालायला लागले. "सह्या, ना-हरकत, शिक्के! आणि परवानगी आजच्या आजच आहे. सूर्य मावळला की संपली. ती काय वाया घालवायची?" त्यांनी डरकाळीरावांच्या हातातून माइक घेतला. "मिळालेली परवानगी मी आजवर फुकट जाऊ दिलेली नाही. तुम्हाला येत नसेल तर मी मारतो!"

आणि काकांनी मारली. सबंध नोकरीत साहेबापुढे "हो सर" म्हटलेल्या माणसाने ती सगळी वर्षं एका दमात बाहेर काढली. हिरवा गेला, पिवळा गेला, लाल लागला, लागून राहिला, आणि खट् करून मंचाची वीज गेली.

"डबा चालू कसा?" साहेब ओरडले.

सगळ्यांनी वायरमनकडे पाहिलं. वायरमनने निरागसपणे डरकाळीरावांकडे बोट दाखवलं. "हेच म्हणाले. सुरक्षिततेसाठी."

आता मात्र हशा फुटला. पाण्यातली पोरं हसली, बंगलेवाले हसले, आजींनी कापूस काढून विचारलं काय झालं आणि कळल्यावर त्या सगळ्यांत जास्त हसल्या. डरकाळीरावांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं, पण त्यांच्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती. कारण मंचापुढे रांग लागली होती.

"माइक कशाला हवा?" काका रांग सरळ करत ओरडत होते. "सूर्य बघा! एकेकाने लवकर उरका!"

बंगल्यातले ते भिंतीवरून उडी मारलेले दोघे जोडीने येऊन गरजले. बँकेतल्या एका बाईंनी अशी डरकाळी दिली की त्यांचे यजमान खुर्चीत सावरून बसले. आजींनी खरोखरच हप्त्याहप्त्याने मारली. सुट्टीवर आलेला एक हिशेबनीस ओला टॉवेल सावरत आला, मारली, आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. साहेबांनी आधी यंत्रावर आकडे पाहिले, मग यंत्र वायरमनच्या हातात दिलं आणि स्वतः रांगेत शिरले. त्यांची डरकाळी अपेक्षेपेक्षा फारच चांगली निघाली.

आणि प्रत्येक जण आधी डरकाळीरावांसमोर येऊन विचारत होता, "कशी मारायची?" श्वास कुठून घ्यायचा, मान किती मागे, डोळे कधी मिटायचे? ते दाखवत होते. आधी लाजत, मग घाईने, मग हातवारे करत, बाह्या वर सारून. "पोटातून! खांदे सोडा! हं, आता!" त्यांच्या हाताच्या इशाऱ्यावर डरकाळ्या सुटत होत्या. मॅनेजर कानाशी लागून सांगत होता की पुढच्या सुट्टीत हाच कार्यक्रम ठेवायचा, तुम्ही हळू गायचं आणि शेवटी पाहुण्यांना रांगेत घ्यायचं, साहेबांशी मी बोलतो. ते अर्धवट मान डोलवत होते. इतका आनंद त्यांना 'भूकंप'च्या दिवसांतही झाला नव्हता.

सूर्याची तांबडी कड तेवढी तळ्यावर राहिली होती तेव्हा रांगेत शेवटची उरली ती त्यांची बायको.

ती येऊन उभी राहिली तशी लोक कौतुकाने हसले. तिला कुणी कुजबुजण्याखेरीज बोलताना ऐकलंच नव्हतं. काका म्हणाले, "वहिनी, जमेल तेवढं करा."

"कशी मारायची सांगू?" डरकाळीरावांनी विचारलं.

तिने मानेनेच नको म्हटलं. पदर खोचला. डोळे मिटले नाहीत, मान मागे टाकली नाही. सरळ नवऱ्याकडे बघितलं आणि इतक्या वर्षांच्या न ऐकलेल्या पहिल्या, न दाखवलेल्या दुसऱ्या आणि फुकट गेलेल्या तिसऱ्या हाकांसकट तिने तोंड उघडलं.

"अहोऽऽऽऽ!"

तळ्यावरची बदकं उडाली. पलीकडच्या बंगल्याचं एक दार धाडकन आपटलं. साहेबांच्या यंत्रावरचा आकडा वायरमनने दोनदा पुसून पाहिला.

आणि डरकाळीरावांच्या तोंडून, काही ठरवायच्या आत, मान मागे न टाकता, पोटातून, तडकलेलं का होईना पण पाण्यातल्या शेवटच्या पोरापर्यंत विनामाइक पोचेल असं एकच उत्तर निघालं.

"आलोऽऽऽ!"

आणि या वेळी ते खरंच गेले.